दुसरा रामचंद्र मेतर

भाटीवाडीत येऊन रामचंद्र मेतर कोण, असं विचारलंत तर माणसं जरा घुटमळतात. बाबली म्हटलं की लगेच बोट दाखवतात. दाखल्यावर आणि रेशनकार्डावर तो रामचंद्र विश्राम मेतर, बाकी सगळीकडे बाबली. आई गोदूबाई तर त्याला बाबल्याच म्हणायची.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून जगणाऱ्यांपैकी तो एक. पहाटे जाळं समुद्रात वेढून टाकायचं, तीस-चाळीस माणसांनी ते दोन्ही बाजूंनी वाळूवर ओढायचं, मासे वाटून झाले की त्याची बायको यशोदा तिच्या वाट्याची टोपली घेऊन बाजाराची गाडी पकडणार. आणि संध्याकाळी ओहोटी असली की त्याच ओल्या वाळूत फुटबॉल. बाबली बचावात खेळायचा. अनवाणी, अंगाने रुंद, पळायला मंद, पण त्याला चुकवून पुढे जाणं कठीण. पुढच्या फळीत त्याचा धाकटा भाऊ रविराज. दोघांत सोळा वर्षांचं अंतर. बाप गेल्यावर बाबलीनेच त्याला वाढवलं होतं.

गोलमध्ये सत्यवान. हा मूळचा कसालचा, शेतकरी घरातला. हायस्कुलात क्लार्क म्हणून लागला आणि वाडीत भाड्याने राहिला. वाळूत पळायला जमेना म्हणून गोलमध्ये उभा राहायला लागला आणि तिथेच राहिला. अक्षर मोत्यासारखं. वाडीतले होडीच्या परवान्यापासून रेशनकार्डापर्यंतचे सगळे अर्ज तोच लिहायचा.

अठ्ठ्याण्णव साली वर्ल्डकप टीव्हीवर बघून सगळ्यांच्या अंगात आलं होतं. दिवाळीनंतर सत्यवान एका पाहुण्याला घेऊन आला. दत्तप्रसाद त्याचं नाव, दक्षिण किनारपट्टी फुटबॉल मंडळाचा कार्यवाह. इस्त्रीचा शर्ट, स्कूटरच्या डिकीत फॉर्म.

"संघाची नोंदणी करूया," दत्तप्रसाद म्हणाला. "नोंदणी झाली की तुमची पोरां सावंतवाडीत खेळतली, गोव्यात जातली. अध्यक्ष कोण?"

सगळ्यांनी बाबलीकडे बघितलं. बाबली हसला. "माका नीट सही पण येणा नाय रे."

"येता तशी कर," सत्यवान म्हणाला.

बाबलीने केली. र आणि वि एकमेकांत अडकलेले, मेतरचा त खाली घसरलेला. पंधरा जणांचे फोटो काढायला सगळे मालवणात गेले. रविराजकडे बरा शर्ट नव्हता, त्याने बाबलीचा घातला. कॉलर मानेपासून दोन बोटं लांब राहिली.

मंडळाकडून दोन चेंडू आले. पुढच्या वर्षी भाटीवाडी स्पोर्ट्स सावंतवाडीला एक स्पर्धा खेळून आली, चार-एकने हरली. तो एक गोल रविराजचा. सामना बघायला गोव्यातल्या एका व्यावसायिक क्लबचा माणूस आला होता. त्याने रविराजला चाचणीला बोलावलं. रविराज गेला, तिथे तीन आठवडे खेळला, क्लबला तो पसंत पडला. फक्त एक कागद हवा होता: मंडळाचं ना हरकत पत्र.

ते पत्र काही आलं नाही. बाबली दोनदा दत्तप्रसादाच्या घरी गेला. पहिल्यांदा शिक्का दुसऱ्याकडे होता. दुसऱ्यांदा दत्तप्रसाद म्हणाला, "तुमच्या भावाची नोंद आमच्याकडे आहे. असा खेळाडू कोणालाही देऊन टाकला तर मंडळाकडे काय उरणार?" तोपर्यंत मालवणीत बोलणारा माणूस एकदम पुस्तकी बोलायला लागला, हे बाबलीच्या लक्षात राहिलं. गोव्याच्या क्लबने हंगाम सुरू झाल्यावर दुसरा मुलगा घेतला. रविराज परत येऊन रापणीला लागला.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये खाडीच्या तोंडाशी त्याची होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहत आले. रविराज तिसऱ्या दिवशी सापडला. ते तीन दिवस बाबली किनाऱ्यावर बसून होता आणि त्याच्या शेजारी सत्यवान बसून होता. शाळेत रजा टाकली नव्हती, घरी निरोप नव्हता. यशोदा पेज घेऊन यायची, तो बाबलीला दोन घास खायला लावायचा. बाबली हे कधी विसरला नाही.

त्यानंतर मंडळाचं नाव वाडीत कोणी काढलं नाही. खेळ मात्र चालू राहिला, नवी पोरं आली. बाबलीचे गुडघे गेले तेव्हा तो शिट्टी घेऊन कडेला उभा राहायला लागला.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. पाकिटावर होतं: 'मा. अध्यक्ष, भाटीवाडी स्पोर्ट्स'. यशोदा चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने दारात बसून अक्षर अक्षर लावत वाचलं. मुंबईची एक कंपनी 'कोकण मरीनर्स' नावाचा व्यावसायिक फुटबॉल क्लब काढत होती. मोठ्या स्पर्धेत उतरायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी गावागावांत तरुण खेळाडूंचे संघ असल्याचं दाखवावं लागतं. म्हणून मंडळाचे बावीस संघ आणि त्यांच्या खेळाडूंच्या नोंदी पंधरा वर्षांसाठी कंपनीच्या हवाली करायच्या होत्या. त्यावर प्रत्येक संघाच्या अध्यक्षांनी सभेला येऊन मत द्यायचं. सोबत खेळाडूंची यादी.

यशोदा वाचता वाचता थांबली.

"काय झाला गो?"

"हयसर भावजींचा नाव आसा."

नववं नाव. रविराज विश्राम मेतर. नोंदणी नूतनीकरण २००८-०९. जन्मतारीख पाच मे, तीच. साल मात्र एकोणीसशे एकोणनव्वद.

"शाहत्तर," बाबली म्हणाला. "शाहत्तरचो तो."

"हेंच्या हिशोबान भावजी गेले तेव्हा बारा वर्षांचे," यशोदा म्हणाली.

आतून गोदूबाईने विचारलं, "रव्याचा नाव कोण घेता रे?" बाबलीने सांगितलं की सरकारी कागद आहे, चुकून आलाय. म्हातारी बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुठे आहे ते दाखव म्हणाली, आणि त्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ बसली.

बाबली तसाच शाळेत गेला. सत्यवान ऑफिसात हजेरीपट लिहीत होता. बाबलीने पत्र टेबलावर ठेवलं, एवढंच म्हणाला, "ह्या बघ." सत्यवानाने पाकीट उघडलं, सहा पानांमधून चौथं पान वर काढलं आणि भाटीवाडीच्या यादीवर नजर टाकली.

"छापताना चूक झाली असतली," तो म्हणाला. "जुनी यादी खंय तरी पडान असतली, तीच उचलली."

"नवीन म्हणान लिवलेला आसा. आठ-नऊ साल."

"जाव दे रे बाबल्या. कशाक थयसर जातंस? मोठी माणसां, कंपनी बिंपनी. तुका काय कळाचा नाय."

परत येताना वाळूच्या वाटेवर बाबली थबकला. चौथं पान. यादी चौथ्या पानावर आहे हे सत्यवानाला कसं कळलं? आपण तर काही बोललो नव्हतो. मग वाटलं, पानं सरकली असतील, जी वर आली ती. त्याने पाकीट उघडून पानं पुन्हा लावून बघितली. टाचणी होती. पान आपोआप वर येण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला शांतता नव्हती. चार दिवसांनी तो ओरोसला गेला. तिथे संस्थांचे कागद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात मंडळाने दरवर्षी दाखल केलेल्या कागदांची फाईल होती. अर्ज देऊन, दोन फेऱ्या मारून त्याला ती बघायला मिळाली. दहा वर्षांच्या दहा वार्षिक सभा. प्रत्येक सभेला भाटीवाडीचे अध्यक्ष हजर. सही सुरेख, वळणदार, शेवटी एक आडवी रेघ. त्याने आपली सही हातातल्या अर्जावर बघितली. घसरलेला त.

"तुम्हीच का हे?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

"नाव माजा आसा," बाबली म्हणाला. "मी नाय."

बाबलीने मग इतर संघांची नावं वाचली. त्यातल्या चार गावांत त्याच्या ओळखीचे लोक होते. पुढच्या आठवड्यात त्याने एकेकाला गाठून विचारलं. दोन गावांत कधी संघच नव्हता. तिसऱ्या गावात होता, तो कबड्डीचा. चौथ्या गावातला माणूस म्हणाला, "तू कशाक विचारतंस? तुका कोणी पाठवल्यान?" आणि दार लोटून घेतलं. बाबलीला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण संशयाने बघतोय तसं आपल्याकडेही कोणीतरी बघतंय.

सभा कसालला हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती, रविवारी सकाळी. बाबली धुतलेला शर्ट घालून, पत्र आणि निवडणुकीचं ओळखपत्र खिशात ठेवून गेला. दाराशी टेबलावर एक मुलगा सह्या घेत होता.

"भाटीवाडी," बाबली म्हणाला.

मुलाने यादीवर बोट फिरवलं. "भाटीवाडीचे मेतरसाहेब आत बसलेत. झाली त्यांची सही."

बाबली आत गेला. खुर्च्यांवर वीस-बावीस माणसं, निळ्या टोप्या वाटलेल्या, मागे भिंतीवर निळ्या माशाचं चित्र असलेला फलक. पुढे दत्तप्रसाद, आता केस रंगवलेले, आणि त्याच्या शेजारी कंपनीची मुंबईहून आलेली अधिकारी, तेजस्वी नावाची तिशीतली बाई. दत्तप्रसादाचं बोलणं चालू होतं. बाबली मधल्या वाटेत उभा राहिला.

"रामचंद्र मेतर खंय आसा?"

दुसऱ्या रांगेतला एक सफारीतला माणूस सवयीने हात वर करून बसला. "मी. काय काम होतं?"

बाबलीने त्याला नीट बघून घेतलं. पन्नाशीचा, गोरटेला, हाताचे तळवे मऊ. पूर्वी कधीच न पाहिलेला माणूस.

"भाटीवाडीत तुका काय म्हणान हाक मारतत?"

"रामचंद्र म्हणूनच. दुसरं काय?"

"थयसर ह्या नावान कोण हाक मारणा नाय," बाबली म्हणाला. "रविराज मेतर तुजो कोण?"

माणूस दत्तप्रसादाकडे बघायला लागला. बाबलीने ओळखपत्र वर धरलं. "रामचंद्र विश्राम मेतर मी. आणि रविराज माजो भाव. आठ वर्षां झाली तो बुडान. जितो होतो तेव्हा तुमी तेका सोडलात नाय, पत्र दिलात नाय. आता मेलो तरी सोडणास नाय?"

दत्तप्रसाद उठून शांतपणे बाईंकडे वळला. आवाज अगदी गोड. "मॅडम, त्या वाडीत दोन गट आहेत. जुना वाद आहे. प्रत्येक गट आपलाच अध्यक्ष म्हणतो. आपण भाटीवाडीचं मत वादग्रस्त म्हणून बाजूला ठेवू, बाकीची सभा पुढे नेऊ."

तेजस्वी बाबलीजवळ आली. त्याचं ओळखपत्र हातात घेऊन बघितलं, पत्र बघितलं. "हे तुम्हाला पोस्टाने मिळालं?"

"व्हय."

"मीच सांगितलं होतं," ती हळू म्हणाली. "सगळी पत्रं पहिल्या नोंदणीच्या पत्त्यावरच पाठवा म्हणून." तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि जागेवर जाऊन बसली.

बाबलीला कळेना. म्हणजे हिला आधीच शंका होती? मग ही गप्प का? की खरे किती आणि खोटे किती, हे कंपनीला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, पुढे दत्तप्रसादाला मुठीत ठेवायला? तो उभाच होता. हात वर करून मतदान झालं. एकवीस हात वर गेले. त्या एकवीस जणांत आणखी किती जण दुसऱ्याच्या नावाने बसलेत, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचा त्याने प्रयत्न केला. ओळखू येत नव्हतं. सफारीवाला माणूस मागच्या दाराने केव्हा गेला ते कोणी बघितलं नाही.

बाबलीने मंडळाच्या वरच्या फुटबॉल संघटनेकडे तक्रार केली. या वेळी अर्ज सत्यवानाकडून लिहून घेतला नाही. मालवणात टायपिंगवाल्याकडे बसून सांगितला. सत्यवानाला हे कळलं असणार, वाडी लहान. रविवारी तो खेळाला आला, गोलमागे बसला, गेला.

ऑक्टोबरात वरच्या संघटनेकडून एक चौकशी अधिकारी आला, निवृत्त माणूस, जाड चष्म्याचा. सावंतवाडीत एका शाळेच्या वर्गात त्याने बाबलीला बोलावलं. दोघेच होते. त्याने दहा वर्षांचे नूतनीकरणाचे फॉर्म बाकावर मांडले. प्रत्येक फॉर्मवर खेळाडूंचे तेच जुने फोटो, झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेले. शेवटच्या वर्षी रविराजच्या चेहऱ्याचं काहीच उरलं नव्हतं. काळे केस आणि मानेपासून सुटलेली कॉलर, एवढंच.

"हे फॉर्म हाताने भरलेले आहेत," अधिकारी म्हणाला. "मंडळ म्हणतं, तुमच्या वाडीतूनच भरून यायचे, आम्ही फक्त शिक्का मारला. तसं असेल तर मंडळाचा दोष थोडा आणि तुमच्या वाडीतल्या माणसाचा जास्त. मंडळ खोटं बोलत असेल तर गोष्ट वेगळी. अक्षर ओळखता?"

बाबलीने फॉर्म जवळ घेतले. दोन हजार दोनचा फॉर्म त्याने उजेडाकडे धरला. रविराजमधला पहिला र, डोक्यावर किंचित गोल, खाली लांब शेपटी. असा र त्याने रेशनकार्डाच्या अर्जावर बघितला होता, होडीच्या परवान्यावर, रविराजच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर. की हायस्कुलात शिकलेले सगळेच असा र काढतात? दोन हजार पाचच्या फॉर्मवरचं अक्षर जरा तिरकं होतं. आठचं तर कोणाचंही असू शकत होतं, घाईत कोणी बघून बघून काढल्यासारखं.

सत्यवानाच्या पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं. एक शब्द, आणि शाळेत चौकशी लागली असती. बाबलीच्या डोळ्यांसमोर किनारा आला, तीन दिवस शेजारी बसलेला माणूस आला. त्याच वेळी ते चौथं पानही आलं.

"काय? ओळखता?"

"नाय," बाबली म्हणाला.

"नक्की?"

"माका वाचूकच कमी येता, साहेब. अक्षर काय ओळखतलंय?"

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. त्याला पटलं नव्हतं, हे बाबलीला दिसलं. "तुम्हीच तक्रार केलीत," तो म्हणाला, "आणि आता तुम्हीच काहीतरी लपवताय. असं मला वाटतंय. पण मी वाटण्यावर लिहू शकत नाही."

घरी आल्यावर त्याने यशोदेला सगळं सांगितलं. ती सुकी मासळी वेगळी करत होती. हात थांबवले नाहीत.

"सत्यवानांनीच लिवलेला असतला?"

"म्हायत नाय."

"मगे विचारा सरळ तेंका."

"विचारलंय आणि तो व्हय म्हणालो तर? आणि नाय म्हणालो तरी मी खरा धरतलंय?"

यशोदेने एक मासळी बाजूला टाकली आणि ती म्हणाली, "मंडळवाल्यांक ह्याच व्हया होता. तुमी एकमेकांकडे बघीत रवतलास, तेंच्याकडे कोण बघूचो नाय."

जानेवारीत निकालाचं पत्र आलं. फॉर्म कोणी भरले हे सिद्ध होत नाही, मंडळाने यापुढे काळजी घ्यावी. भाटीवाडी स्पोर्ट्सच्या नोंदी सदोष असून या संघाला स्वतःचं मैदान नाही, सबब संघाची नोंदणी रद्द. बावीस संघांपैकी एकच संघ रद्द झाला, जो खरोखर वाळूत खेळत होता तो. बाकी एकवीस जसेच्या तसे राहिले. कोकण मरीनर्सला परवाना मिळाला. त्यांची निळी बस हायवेवरून गोव्याकडे जाताना दिसायला लागली. दत्तप्रसाद त्या क्लबाच्या गावपातळीवरच्या संघांचा सल्लागार झाला. तेजस्वीबाईंची बदली झाली म्हणे, की त्यांनीच सोडलं, यावर पेपरात काही आलं नाही.

संघाबरोबर रविराजचं नावही गेलं. बाबलीला हवं होतं ते एवढंच होतं. गोदूबाईला त्याने हे सांगितलं नाही. ती मधूनमधून विचारायची, तो कागद कुठे ठेवलास म्हणून. आहे, असं तो सांगायचा.

वाडीतली पोरं वाळूत खेळतच राहिली. सत्यवानही यायचा, बाबलीशेजारी बसायचा, कोणाचा पाय चांगला, कोण आळशी, असं बोलायचा. एक गोष्ट त्याने कधीच विचारली नाही: सावंतवाडीत त्या माणसाने तुला काय विचारलं, तू काय सांगितलंस. दोन हजार दहाचा मे संपत आला, सत्यवानाने कसालला घर दुरुस्त करायला काढलं, पुढल्या वर्षी कायमचा तिकडे जाणार म्हणून सांगायला आला, चहा प्यायला, यशोदेने दिलेली सुकी कोलंबी पिशवीत घातली. तेव्हाही त्याने विचारलं नाही.

बाबली त्याला पाणंदीपर्यंत सोडायला गेला. परत येऊन यशोदेला म्हणाला, "काय म्हायत नसलेलो माणूस विचारता गो. म्हायत असलेलोच गप रवता."

यशोदा म्हणाली, "नायतर तुमचो तेंच्यावरचो संशय तेंका दिसलो असतलो. म्हणान गप."

दोन्ही खरं असू शकत होतं.